फ्लुओरेसंट प्रथिने: रचना वाचून रंग, वेग आणि काम कसे ओळखावे

एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडणाऱ्या आणि पेशीत खूण म्हणून वापरल्या जाणाऱ्या फ्लुओरेसंट प्रथिनांची निवड बहुधा रंगावरून होते. हिरवा हवा म्हणून एक, लाल हवा म्हणून दुसरे, एवढ्यावर विषय संपतो. मग कधी पेशी उजळत नाहीत, कधी लाल प्रथिनाच्या गुठळ्या होतात, कधी आम्लधर्मी पेशीअंगकात हिरवा रंग दिसेनासा होतो आणि दोष सूक्ष्मदर्शकाला दिला जातो. यांतील बहुतेक अडचणींचे कारण प्रथिनाच्या रचनेत आधीच लिहिलेले असते. ज्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना ही रचना स्वतः संगणकावर उघडून वाचायची आहे आणि तिच्या आधारे आपल्या प्रयोगासाठी प्रथिन निवडायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. अमिनो आम्ले, जनुक आणि तरंगलांबी यांची प्राथमिक ओळख गृहीत धरली आहे.

पहिली पायरी: प्रकाश निर्माण करणे आणि प्रकाश बदलणे यांतील फरक पक्का करणे

ओसामू शिमोमुरा यांनी १९६१ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील फ्रायडे हार्बर येथे ‘एक्वोरिया व्हिक्टोरिया’ या जेलीफिशवर काम सुरू केले. या प्राण्याच्या छत्रीच्या कडेला हिरवा प्रकाश दिसतो. त्यातून वेगळे काढलेले इक्वोरिन हे प्रथिन मात्र कॅल्शियम मिळताच निळा प्रकाश देत होते. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात इक्वोरिनसोबत हिरवी चमक देणाऱ्या आणखी एका प्रथिनाची नोंद आली, आणि तेच आजचे जीएफपी (ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन, म्हणजे हिरवे फ्लुओरेसंट प्रथिन). जिवंत प्राण्यात इक्वोरिन आपल्यातील सीलेंटराझिन या रेणूचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मुक्त करते, ती ऊर्जा शेजारच्या जीएफपीकडे जाते आणि सुमारे ५०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश बाहेर पडतो.

यातून निघणारा नियम व्यवहारात महत्त्वाचा आहे. इक्वोरिन अंधारातही प्रकाश देते, कारण तिथे रासायनिक अभिक्रिया घडते. याला जीवदीप्ती म्हणतात. जीएफपी स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. ते कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश सोडते, म्हणून त्याला बाहेरून प्रकाश किंवा शेजाऱ्याकडून ऊर्जा मिळावीच लागते. पुष्कळ प्रवाळांमध्ये जीवदीप्ती अजिबात नसते, तरीही त्यांच्यात फ्लुओरेसंट प्रथिने विपुल असतात. मिखाईल मात्झ, सर्गेई लुक्यानोव आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा प्राण्यांतून ही प्रथिने शोधून दाखवली. त्यामुळे या कुळाचे काम केवळ जीवदीप्तीला साहाय्य करणे एवढेच असू शकत नाही, हे स्पष्ट झाले.

डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये जीएफपीच्या जनुकाचा क्रम उलगडला. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये तेच जनुक जिवाणूत आणि सूत्रकृमीत घालून हिरवा प्रकाश मिळवला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत निर्णायक प्रयोग हाच. जेलीफिशमधील दुसरे कोणतेही विकर न देता परक्या पेशीत प्रथिन उजळले, म्हणजेच प्रकाश देणारा रासायनिक गट हे प्रथिन स्वतःच्या अमिनो आम्लांपासून स्वतःच घडवते, हे त्यातून कळले. पुढील सर्व पायऱ्या या एका गुणधर्माभोवती फिरतात.

दुसरी पायरी: रचना उघडून साचा पाहणे

प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या सार्वजनिक संग्रहात कोणालाही विनामूल्य उतरवता येणारी रचना ‘१ईएमए’ या संकेतांकाने मिळते. ही सेरीन ६५ च्या जागी थ्रिओनिन असलेल्या जीएफपीची १९९६ मधील रचना आहे. त्याच वर्षी मूळ, न बदललेल्या प्रथिनाची रचनाही प्रसिद्ध झाली आणि तिचा संकेतांक ‘१जीएफएल’ आहे. पायमॉल किंवा कायमेराएक्स यांपैकी रचना दाखवणाऱ्या कोणत्याही संगणक प्रणालीत १ईएमए उघडावी आणि प्रथम फक्त साखळीचा कणा पट्ट्यांच्या स्वरूपात दाखवावा.

समोर येतो तो ११ बीटा पट्ट्यांनी (साखळीच्या ताणलेल्या, शेजारी शेजारी बसणाऱ्या भागांनी) वळवून तयार झालेला, दोन्ही टोकांना झाकणे लावलेल्या उभ्या डब्यासारखा साचा. त्याची उंची सुमारे ४.२ नॅनोमीटर आणि व्यास सुमारे २.४ नॅनोमीटर आहे. या साच्याला बीटा-बॅरल म्हणतात. आता दृश्य फिरवून वरून खाली पाहावे. बॅरलच्या मधोमध एक वाकडेतिकडे अल्फा सर्पिल जाताना दिसेल. संपूर्ण प्रथिन २३८ अमिनो आम्लांचे आणि सुमारे २७ किलोडाल्टन वजनाचे असले, तरी प्रकाशाचा संबंध या मधल्या सर्पिलावरील तीनच अमिनो आम्लांशी थेट येतो. बाकीचे सारे त्यांना नेमक्या जागी धरून ठेवण्यासाठी आणि पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी आहे.

येथे दोन गोष्टी आवर्जून टिपून ठेवाव्यात. साखळीची दोन्ही टोके बॅरलच्या एकाच बाजूला बाहेर येतात. तसेच साखळीच्या शेवटची सुमारे नऊ अमिनो आम्ले या रचनेत दिसतच नाहीत, कारण ती स्फटिकातही स्थिर राहत नाहीत. दुसऱ्या प्रथिनाशी जोडणी करताना या दोन्ही निरीक्षणांचा उपयोग होतो, तो शेवटच्या पायरीत येईल.

क्रमांकांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईजीएफपी या जीएफपीच्या सुधारित रूपात सुरुवातीला एक जादा व्हॅलिन आहे; त्यामुळे त्याची लांबी २३९ होते, पण क्रमांक मूळ जीएफपीचेच चालू ठेवले जातात. कोणतेही उत्परिवर्तन करण्याआधी आपल्या हातातील क्रम आणि निबंधातील क्रमांक एकमेकांसमोर मांडून तपासले नाहीत, तर एका जागेच्या फरकाने चुकीचे अमिनो आम्ल बदलले जाते.

तिसरी पायरी: क्रोमोफोर शोधणे आणि तो कसा घडतो हे समजून घेणे

आता रचनेत ‘सीआरओ’ या नावाचा घटक शोधावा. त्याचा क्रमांक ६६ आहे आणि यादीत ६५ व ६७ हे क्रमांक गायब दिसतील. फाइलमध्ये काही चुकलेले नाही. ६५, ६६ आणि ६७ ही तिन्ही अमिनो आम्ले एकमेकांत मिसळून एकच रासायनिक गट झाल्यामुळे त्यांची नोंद एका घटकाखाली केलेली आहे. प्रकाश शोषणाऱ्या आणि सोडणाऱ्या या गटाला क्रोमोफोर म्हणतात.

मूळ जीएफपीत या जागी सेरीन, टायरोसिन आणि ग्लायसिन असतात. साखळीची घडी पडल्यावर मधले सर्पिल अशा तऱ्हेने वाकते, की ग्लायसिन ६७ चा नायट्रोजन ६५ व्या अमिनो आम्लाच्या कार्बोनिल गटाजवळ येतो. तो त्यावर हल्ला करतो आणि पाच अणूंचे वलय तयार होते. त्यानंतर पाण्याचा रेणू बाहेर पडतो, हवेतील ऑक्सिजन टायरोसिनच्या दोन कार्बनांमधील बंधाचे ऑक्सिडीकरण करतो आणि टायरोसिनचे वलय नव्या वलयाशी एकाआड एक दुहेरी बंधांच्या मालिकेने जोडले जाते. ही मालिका पूर्ण झाल्यावरच दृश्य प्रकाश शोषला जातो. एका क्रोमोफोरमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणूही तयार होतो, आणि प्रथिन फार मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या पेशींच्या बाबतीत हे लक्षात असू द्यावे.

या रसायनाचे तीन परिणाम थेट प्रयोगावर होतात. पहिला, घडी नीट पडली नाही तर वलय बनत नाही आणि प्रथिन असूनही प्रकाश मिळत नाही. दुसरा, ऑक्सिजन नसेल तर क्रोमोफोर पूर्ण होत नाही. पूर्णपणे विनॉक्सी वातावरणात वाढवलेले जिवाणू जीएफपी बनवतात, पण चमकत नाहीत. हवा मिळाल्यावर ते हळूहळू उजळतात. तिसरा, प्रथिन बनणे आणि ते उजळणे यांत वेळ जातो. या वेळेला परिपक्वता काळ म्हणतात आणि त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

क्रोमोफोरभोवती ०.३ ते ०.४ नॅनोमीटरच्या आत येणारी अमिनो आम्ले दाखवण्याची सोय दोन्ही प्रणालींत आहे. ती वापरावी आणि आर्जिनिन ९६, हिस्टिडिन १४८, थ्रिओनिन २०३, सेरीन २०५ आणि ग्लुटामेट २२२ ही नावे शोधावीत. आर्जिनिन ९६ आणि ग्लुटामेट २२२ वलय घडवण्यास मदत करतात. हिस्टिडिन १४८ आणि थ्रिओनिन २०३ टायरोसिनच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करतात. हीच मंडळी रंग ठरवतात.

चौथी पायरी: वर्णपटातील प्रत्येक शिखराला रचनेत जागा शोधून देणे

मूळ जीएफपीच्या शोषणाच्या आलेखात दोन शिखरे असतात: मोठे सुमारे ३९५ नॅनोमीटरवर आणि लहान सुमारे ४७५ नॅनोमीटरवर. उत्सर्जनाचे शिखर मात्र सुमारे ५०८ नॅनोमीटरवर असते. पहिले शिखर टायरोसिनचा प्रोटॉन जागेवर असलेल्या, म्हणजे उदासीन क्रोमोफोरचे, तर दुसरे प्रोटॉन गमावलेल्या, ऋणभारित क्रोमोफोरचे असते. ३९५ वर शोषण होऊनही हिरवाच प्रकाश येतो, कारण उत्तेजित होताच टायरोसिन आपला प्रोटॉन पाण्याचा एक रेणू आणि सेरीन २०५ यांच्यामार्फत ग्लुटामेट २२२ कडे सोपवतो आणि ऋणभारित होऊन प्रकाश सोडतो. रचनेत ही साखळी प्रत्यक्ष मोजता येते. १जीएफएल उघडून टायरोसिनच्या ऑक्सिजनपासून ग्लुटामेट २२२ पर्यंतची अंतरे एकेक करून घ्यावीत. ज्या विद्यार्थ्याने ही अंतरे एकदा स्वतः मोजली, त्याला उदासीन आणि ऋणभारित हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

आता १ईएमएकडे परत यावे. सेरीन ६५ च्या जागी थ्रिओनिन आल्यावर ग्लुटामेट २२२ चे हायड्रोजन बंध बदलतात, ते स्वतः उदासीन राहते आणि क्रोमोफोर ऋणभारित राहणे पसंत करतो. परिणामी ३९५ चे शिखर जवळपास नाहीसे होते आणि सुमारे ४८९ नॅनोमीटरवर एकच ठळक शिखर उरते. रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९९५ मध्ये हा बदल मांडला. त्यात फेनिलअॅलनिन ६४ च्या जागी ल्युसिन घालून ३७ अंश सेल्सियसला घडी सुधारल्यावर ईजीएफपी तयार झाले, ज्याला ४८८ नॅनोमीटरच्या लेसरने अगदी योग्य उद्दीपन मिळते. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतर छटांचे गणितही याच जागेत आहे. टायरोसिन ६६ च्या जागी हिस्टिडिन घातल्यास निळे, तर ट्रिप्टोफॅन घातल्यास आकाशी प्रथिन मिळते, कारण क्रोमोफोरचे वलयच बदलते. थ्रिओनिन २०३ च्या जागी टायरोसिन घातल्यास त्याचे वलय क्रोमोफोरवर समांतर येऊन बसते आणि उत्सर्जन सुमारे ५२७ नॅनोमीटरपर्यंत सरकून पिवळसर होते. जेलीफिशच्या प्रथिनात एवढे बदल करूनही त्या काळी लाल रंग मिळाला नाही. त्यासाठी प्रवाळांच्या कुळाकडे जावे लागले.

पाचवी पायरी: लाल रंगाची रचना आणि तिची किंमत

‘डिस्कोसोमा’ या प्राण्यातील डीएसरेड प्रथिनाची रचना ‘१जी७के’ या संकेतांकाने उघडावी आणि १ईएमएवर ठेवून पाहावी. दोन्हींच्या अमिनो आम्ल क्रमात साम्य जेमतेम पाव हिश्श्याच्या आसपास आहे, तरी ११ पट्ट्यांचे बॅरल एकमेकांवर आश्चर्यकारकपणे जुळते. येथे क्रोमोफोर ग्लुटामिन ६६, टायरोसिन ६७ आणि ग्लायसिन ६८ यांपासून बनतो. हिरव्या क्रोमोफोरपेक्षा त्यात ऑक्सिडीकरणाची एक पायरी जास्त आहे: ग्लुटामिनच्या कण्यातील नायट्रोजन आणि कार्बन यांच्यातही दुहेरी बंध तयार होतो. दुहेरी बंधांची मालिका लांबल्यामुळे शोषण सुमारे ५५८ आणि उत्सर्जन सुमारे ५८३ नॅनोमीटरवर जाते.

ही जादा पायरी फुकट मिळत नाही. डीएसरेड पूर्ण लाल व्हायला एक दिवसाहून अधिक काळ लागतो आणि काही साखळ्या हिरव्या अवस्थेतच अडकून राहतात. शिवाय कण्यातील नवा बंध नाजूक असतो. लाल प्रथिनाचा नमुना उकळून जेलवर चालवला, की साखळी क्रोमोफोरपाशी तुटते आणि अपेक्षित पट्ट्याखाली दोन लहान तुकडे दिसतात. अनेकदा ते अशुद्धी किंवा विघटन समजून शुद्धीकरण पुन्हा पुन्हा केले जाते. न उकळलेला नमुना शेजारी चालवून पाहिला, तर शंका मिटते.

दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. १जी७के मध्ये एकाऐवजी चार साखळ्या दिसतात, कारण डीएसरेड चार रेणूंच्या गटात, म्हणजे टेट्रामर स्वरूपात राहते. प्रवाळांतील मूळ फ्लुओरेसंट प्रथिने बहुतांशी अशीच असतात. पेशीद्रव्यात मोकळे सोडले तर याने फारसे बिघडत नाही. पण ते दुसऱ्या प्रथिनाला जोडले, की त्या प्रथिनाचेही चार चार रेणू एकत्र बांधले जातात, त्याची जागा बदलते आणि आपण पाहतो ते त्याचे खरे वर्तन राहत नाही. २००२ मध्ये डीएसरेडमध्ये एकूण ३३ बदल करून एमआरएफपी१ हे एकेकटे राहणारे, म्हणजे मोनोमर प्रथिन बनवले गेले आणि त्यातून २००४ मध्ये एमचेरी आले. त्याचे उद्दीपन ५८७ आणि उत्सर्जन ६१० नॅनोमीटरवर आहे. रचना पाहताना दोन साखळ्यांच्या सीमेवर कोणती अमिनो आम्ले समोरासमोर येतात हे टिपावे; ती सीमा तोडण्यासाठी किती जागा बदलाव्या लागल्या, हे तेव्हा नीट उमगते.

जेलीफिशच्या प्रथिनातही जोडी जमवण्याची क्षीण प्रवृत्ती असते. मोकळ्या द्रावणात ती सहसा जाणवत नाही, पण पेशीपटलावर रेणूंची दाटी असते तिथे जाणवते. अॅलनिन २०६ च्या जागी लायसिन घातल्यास ती जवळपास संपते. पटलावरील प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्याने हा बदल असलेले रूपच वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सहावी पायरी: आकडे वाचून निवड करणे

तेजस्वितेची तुलना करण्यासाठी मोलर शोषण गुणांक आणि क्वांटम यील्ड यांचा गुणाकार करावा. पहिला आकडा प्रकाश किती शोषला जातो हे सांगतो आणि दुसरा शोषलेल्यापैकी किती हिस्सा प्रकाश म्हणून परत येतो हे. ईजीएफपीसाठी ५६,००० आणि ०.६० यांचा गुणाकार ३३,६०० येतो. एमचेरीसाठी ७२,००० आणि ०.२२ धरल्यास १५,८४० येतो, म्हणजे ईजीएफपीच्या निम्म्याहूनही कमी. ‘ब्रँकिओस्टोमा लॅन्सिओलेटम’ या माशासारख्या लहान समुद्री प्राण्यातील प्रथिनापासून २०१३ मध्ये घडवलेल्या एमनिऑनग्रीनसाठी १,१६,००० आणि ०.८० यांचा गुणाकार ९२,८०० होतो. मात्र हे आकडे पूर्ण परिपक्व प्रथिनाचे असतात, हे विसरू नये.

आपल्या नमुन्यात परिपक्व प्रथिन किती आहे, हे मोजण्याची सोपी पद्धत आहे. प्रथिन ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मिसळल्यास घडी उलगडते आणि मोकळा पडलेला हिरवा क्रोमोफोर ४४७ नॅनोमीटरवर प्रकाश शोषतो. तिथला मोलर गुणांक सुमारे ४४,००० असल्यामुळे शोषणावरून क्रोमोफोरची संहती काढता येते. ती एकूण प्रथिनाच्या संहतीशी ताडून पाहिली, की किती साखळ्या खरोखर उजळू शकतात हे कळते.

दुसरा आकडा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा क्रोमोफोर ऋणभारित असतो तो. हिरव्या आणि पिवळ्या प्रथिनांत ऋणभारित क्रोमोफोर हाच नेहमीच्या लेसरला प्रतिसाद देतो, त्यामुळे भोवतालची आम्लता वाढली की तेज घटते. ईजीएफपीचा पीकेए सुमारे ६.० आहे. पीएच ७.४ ला त्याचे सुमारे ९६ टक्के रेणू उजळण्यास तयार असतात, पीएच ६.० ला निम्मे आणि पीएच ५.० ला जेमतेम ९ टक्के. लायसोसोम या आम्लधर्मी पेशीअंगकात पीएच ५ च्या आसपास असतो, म्हणून तिथे ईजीएफपी दिसत नाही यात नवल नाही. एमचेरीचा पीकेए ४.५ हून कमी असल्याने तिथे तेच योग्य ठरते. ईवायएफपी या पिवळ्या प्रथिनाचा पीकेए ६.९ असल्यामुळे पेशीद्रव्यातील लहानसा बदलही त्याच्या तेजात उतरतो. क्लोराइड आयनानेही या पिवळ्या प्रथिनाचे तेज बदलते, आणि तो दोष न मानता त्यावरच क्लोराइडचे मापक बनवले गेले आहेत.

परिपक्वता काळाचा विचार जनुकाची क्रिया काळानुसार मोजणाऱ्यांनी सर्वप्रथम करावा. जे घडामोडीचे चक्र अर्ध्या तासात पूर्ण होते, ते कित्येक तासांनी उजळणाऱ्या प्रथिनाने पाहता येत नाही. दिसेल तो फक्त सरासरी धूसर उजेड. दीर्घकाळ चित्रण करायचे असेल तर तेजापेक्षा प्रकाशस्थैर्याला, म्हणजे सतत प्रकाश पडूनही चमक टिकण्याला, अधिक महत्त्व द्यावे. ‘सायटीस उचिडी’ या हायड्रोझोआ वर्गातील प्राण्यापासून मिळवलेले आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले स्टेगोल्ड हे या बाबतीत फार सरस आहे, पण त्याचे मूळ रूप जोडीने राहणारे आहे. म्हणून जोडणीसाठी त्याची नंतरची मोनोमर रूपे घ्यावीत.

ऑक्सिजन मिळणारच नसेल तर या संपूर्ण कुळाबाहेर पाहावे. जपानी इल माशाच्या स्नायूंतील, २०१३ मध्ये वर्णन झालेले यूनाजी हे प्रथिन स्वतः क्रोमोफोर घडवत नाही. ते पेशीतील बिलिरुबिन धरून ठेवते आणि हिरवे चमकते, त्यामुळे त्याला ऑक्सिजनची गरज पडत नाही.

सातवी पायरी: प्रकाशाने बदलणारी प्रथिने ओळखणे

‘ट्रॅकिफिलिया जॉफ्रोयी’ या प्रवाळातील केडे हे प्रथिन २००२ मध्ये वर्णिले गेले. सुरुवातीला ते हिरवे असते आणि ५१८ नॅनोमीटरवर उत्सर्जन करते. जांभळा किंवा अतिनील प्रकाश पडताच हिस्टिडिन ६२ जवळ साखळीचा कणा तुटतो, हिस्टिडिनचे वलय दुहेरी बंधांच्या मालिकेत सामील होते आणि उत्सर्जन ५८२ नॅनोमीटरवर जाऊन प्रथिन लाल होते. हा बदल कायमचा आहे. त्यामुळे पेशीच्या एका भागातील प्रथिन लाल करून पुढे ते कुठे जाते हे पाहता येते. ‘लोबोफिलिया हेम्प्रिची’ या प्रवाळातील ईऑसएफपी याच पद्धतीने बदलते, आणि २००६ मध्ये एकेका रेणूची जागा ठरवून अतिसूक्ष्म चित्र घेण्याच्या पद्धतीत त्याचा वापर झाला.

ड्रोन्पा हे प्रथिन वेगळ्या मार्गाने चालते. त्यातील क्रोमोफोर प्रकाशाने आपली दिशा बदलतो: ४८८ नॅनोमीटरने विझतो, ४०५ नॅनोमीटरने पुन्हा पेटतो आणि हे पुनःपुन्हा करता येते. अशी प्रथिने वापरताना खोलीतील दिव्यांचाही विचार करावा. नमुने तयार करतानाच जांभळा किंवा निळा प्रकाश पडला, तर प्रयोग सुरू होण्याआधीच बदल घडून गेलेला असतो.

काही प्रवाळांत तीव्र रंग असूनही जवळजवळ न चमकणारी प्रथिने असतात. ‘माँटिपोरा एफ्लोरेसेन्स’ मधील आरटीएमएस५ हे निळे प्रथिन ५९२ नॅनोमीटरवर प्रकाश शोषते, पण त्याचा क्रोमोफोर सपाट नसून पिळलेला असतो. सपाट आणि घट्ट धरलेला क्रोमोफोर प्रकाश सोडतो, तर पिळलेला किंवा मोकळेपणी फिरणारा ऊर्जा उष्णतेत घालवतो. बॅरल उलगडल्यावर जीएफपीची चमक जाते, ती याच कारणाने.

आठवी पायरी: समुद्रातील कामाविषयी पुरावा तपासून बोलणे

एक्वोरियात जीएफपी निळ्याचे हिरवे करते, हे प्रयोगाने सिद्ध आहे. त्या हिरव्याचा प्राण्याला काय लाभ होतो, हा वेगळा प्रश्न आहे. प्रवाळांच्या बाबतीत एकाच उत्तराचा आग्रह धरू नये, असे मला वाटते. उथळ पाण्यातील प्रवाळांमध्ये ही प्रथिने सहजीवी शैवालांवर पडणारा जादा प्रकाश अडवतात किंवा विखुरतात, याला पुष्कळ आधार आहे. खोल पाण्यात केवळ निळा प्रकाश पोहोचतो. तिथल्या प्रवाळांतील प्रकाशाने बदलणारी लाल प्रथिने तो निळा प्रकाश नारिंगी-लाल करून ऊतीत खोलवरच्या शैवालांपर्यंत पोहोचवतात, असे प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हिरवी चमक मुक्तपणे पोहणाऱ्या सहजीवी शैवालांना आकर्षित करते, असे २०१९ मध्ये दाखवले गेले. ही स्पष्टीकरणे एकमेकांना खोटी ठरवत नाहीत. वेगवेगळ्या खोलीवर, वेगवेगळ्या जातींत एकच साचा वेगवेगळ्या कामांना लागलेला असू शकतो. लेख वाचताना प्रयोग जिवंत प्रवाळावर झाला की शुद्ध प्रथिनावर, कोणत्या खोलीच्या प्रकाशात झाला आणि प्रथिनाचे प्रमाण बदलून परिणाम पाहिला की नुसता संबंध दाखवला, हे तीन प्रश्न विचारावेत.

सस्तन प्राण्यांतील निडोजेन या पेशींबाहेरील आधारप्रथिनाच्या एका भागातही असेच बॅरल आढळते, पण त्यात क्रोमोफोर नाही आणि चमकही नाही.

नववी पायरी: जोडणी आणि नियंत्रण नमुने

दुसऱ्या पायरीत टिपलेली दोन निरीक्षणे आता उपयोगी पडतात. दोन्ही टोके बॅरलच्या एकाच बाजूला असल्याने आपले प्रथिन जीएफपीच्या पुढे किंवा मागे, कुठेही जोडता येते. शेवटची अस्थिर अमिनो आम्ले जीएफपीच्या मागे जोडताना लवचिक दुव्याचे काही काम करतात. पुढच्या टोकाला जोडताना मात्र ग्लायसिन आणि सेरीन यांचा स्वतंत्र दुवा घालावा. दोन्ही पद्धतींची रूपे बनवून त्यांचे स्थान आणि कार्य मूळ प्रथिनाशी ताडून पाहावे. एकाच रूपावर निष्कर्ष बांधू नये.

दोन फ्लुओरेसंट प्रथिनांमधील ऊर्जास्थानांतर मोजायचे असेल तर बॅरलचा व्यास मर्यादा घालतो. क्रोमोफोर आपापल्या बॅरलच्या मध्यावर असल्याने, दोन बॅरल शेजारी शेजारी असताना त्यांच्यातील अंतर सुमारे २.४ नॅनोमीटरहून कमी होऊ शकत नाही. आकाशी आणि पिवळ्या प्रथिनांच्या जोडीसाठी निम्मे ऊर्जास्थानांतर घडवणारे अंतर ५ नॅनोमीटरच्या आसपास आहे. म्हणून मापनाचा उपयुक्त पल्ला अरुंद राहतो, आणि दुव्याची लांबी व दिशा यांवर परिणाम बराच अवलंबून असतो.

जनुक परक्या सजीवात घालताना त्याचा क्रम त्या सजीवाच्या पसंतीच्या कोडॉननुसार (अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरी संकेतांनुसार) बदललेला आहे का, हे पाहावे. जेलीफिशचे मूळ जनुक वनस्पतींत वापरल्यावर पेशीने त्यातील एक तुकडा इंट्रॉन, म्हणजे जनुकातील वगळायचा भाग, समजून कापून टाकल्याचे आढळले होते.

नियंत्रणांत किमान तीन नमुने असावेत. पहिला, कोणतेही फ्लुओरेसंट प्रथिन नसलेल्या पेशी, कारण पेशीतील फ्लेविन रेणू हिरव्या पट्ट्यातच चमकतात. दुसरा, कशालाही न जोडलेले फ्लुओरेसंट प्रथिन. तिसरा, दोन रंग एकत्र वापरत असल्यास प्रत्येक रंग एकेकटा, आणि तोही दोन्ही फिल्टरांतून पाहिलेला. नमुने स्थिर करायचे असल्यास फॉर्मॅल्डिहाइड वापरावे, कारण मिथेनॉलसारखे द्रावक घडी उलगडून चमक घालवू शकतात. पीएच तटस्थाच्या जवळ राहील असे माध्यम निवडावे, आणि स्थिर करण्याआधीच्या जिवंत पेशींचे एक चित्र त्याच सूक्ष्मदर्शकावर, त्याच लेसर तीव्रतेने घेऊन ठेवावे, म्हणजे स्थिर केल्यानंतर दिसणारा फरक प्रथिनातील आहे की प्रक्रियेतील, हे ठरवता येते.